तळाची ओळ

जुन्या नाटकाची जाहिरात हातात आली की नाटकाचं नाव मी नंतर वाचतो. आधी तळ बघतो. कागदाच्या अगदी खालच्या कडेला, बारीक खिळ्यांत, छापखान्याचं नाव आणि गाव असतं. १८६७ च्या कायद्यानं ब्रिटिश हद्दीत छापलेल्या कागदावर ते टाकणं सक्तीचं झालं होतं. उद्या मजकुरात काही आक्षेपार्ह निघालं तर छापणारा सापडावा, एवढाच सरकारचा हेतू. आज सव्वाशे वर्षांनी तीच ओळ मला सांगते की हा कागद पुण्यात निघाला की सोलापुरात, आणि त्या आठवड्यात मंडळीचा मुक्काम कुठल्या बाजूला होता. लातूरच्या जुन्या कागदांत मात्र ही ओळ पुष्कळदा नसतेच. लातूर इंग्रजांच्या हद्दीत नव्हतं. आमच्या आजोबांच्या तोंडी आपला मुलूख म्हणजे मोगलाई, आणि निजामाच्या राज्याला इंग्रजांचा तो कायदा लागू नव्हता. तळाची ओळ नसलेला कागद दिसला की मी जास्त लक्ष देतो. तो आपल्याकडचा असण्याची शक्यता वाढलेली असते.

आमचा छापखाना गंजगोलाईपासून जवळ. वडील जुळारी होते; खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या हाताची बोटं शिशानं कायमची काळपट झाली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आडत दुकानांच्या पट्ट्या आणि महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेची हँडबिलं, हे आमचं बारमाही काम. ट्रेडल मी पाय पोचायला लागल्यापासून चालवलं, पुढं ऑफसेट आलं तेही शिकलो. त्यामुळे जुन्या जाहिराती जमवणारा मी नाटकाच्या वेडानं इकडे आलो नाही, छपाईच्या वाटेनं आलो. नाटकाचं वेड मागून लागलं.

‘नाटकाचं पोस्टर’ म्हटलं की आजच्या माणसाच्या डोळ्यांपुढं मोठं रंगीत चित्र येतं. ती कल्पना युरोपातली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत लंडनच्या भिंती नाटकांच्या रंगीत शिळाछापांनी भरून गेल्या होत्या. वीस बाय तीस इंचांचा ‘डबल क्राऊन’ हा तिथला एक ताव. असे कितीतरी ताव जोडून भिंतभर चित्र उभं करत. बेलफास्टच्या डेव्हिड ॲलन छापखान्याचं नाव या कामानं झालं. पॅरिसला जूल शेरेनं १८६० च्या दशकातच मोजक्या दगडांत झगझगीत रंग आणायची हातोटी बसवली होती. १८९४ मध्ये ऑब्री बिअर्ड्सलीनं लंडनच्या ॲव्हेन्यू थिएटरसाठी केलेलं पोस्टर आजही संग्राहकांत नावाजलेलं आहे. तिकडच्या संग्राहकांना असा ताव मिळतो, तो ते कापडावर डकवतात, चौकटीत घालतात. आपल्याकडे त्याच काळात नाटक तितकंच जोरात होतं, पण तसा ताव शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो. कारण आपल्या नाटकाची जाहिरात चित्राची नव्हती. ती अक्षरांची होती. आणि आपलं नाटकाचं चित्र होतं, पण ते जाहिरातीवर नव्हतं. हे दोन धागे वेगवेगळे शोधावे लागतात.

आधी अक्षरांचा धागा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं ते संस्थानिकांच्या आश्रयाखाली; तिथं जाहिरातीची गरज नव्हती. दहा वर्षांनी तीच मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ करू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागली. आश्रयदाता एक असतो, त्याला निरोप पुरतो. प्रेक्षक अनेक आणि अनोळखी झाले की कागद लागतो. पुढं इचलकरंजीकर, आर्योद्धारक, किर्लोस्कर, शाहूनगरवासी अशा मंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या आणि प्रत्येक मुक्कामाला रोजचं हँडबिल निघू लागलं. कागद पातळ, गुलाबी, पिवळा नाहीतर हिरवा. वर श्री, मग मंडळीचं नाव, मग वार, तारीख, वेळ, मग नाटकाचं नाव मोठ्या लाकडी खिळ्यांत. त्याखाली मुख्य पात्रं. मग दर: कोच, खुर्ची, बाक, पीट, स्त्रियांची जागा वेगळी. शेवटी दोन-तीन सूचना. दुपारी वाजंत्री लावून टांगा गावातून फिरायचा आणि टांग्यातला माणूस मूठमूठ कागद उधळत जायचा. रात्री नऊला खेळ. सकाळी तो कागद रद्दी.

एका रात्रीसाठी केलेला कागद असल्यामुळेच त्यात एका रात्रीचं सगळं सापडतं. ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात पहिल्यांदा झालं, आणि त्या रात्री पहिले चारच अंक झाले, हे आज आपण पुस्तकातून वाचतो. नाटकाची संहिता पुस्तकात आहे, पदं गळ्यांत आहेत, नटांची चरित्रं आहेत. पण अमुक गावात अमुक शनिवारी पाऊस असताना खेळ किती वाजता लागला, पुढची जागा किती आण्यांना होती, बायकांना आत यायचं दार कुठलं, हे ज्या कागदावर होतं तो कागद कुणी जपण्याचं कारणच नव्हतं. नाटकाच्या इतिहासातली ही सर्वात मोठी गळती आहे असं माझं ठाम मत आहे.

आता दगडाकडे येतो. शिळाछाप जन्मालाच आली ती नाटकासाठी. आलॉइस सेनेफेल्डर हा जर्मन माणूस १७७१ मध्ये प्राग इथं जन्मला. वडील नट, आणि तो स्वतः नाटकं लिहायचा. छापखान्याचा खर्च परवडेना म्हणून आपली नाटकं स्वस्तात छापायचा उपाय तो शोधत होता. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या फरशीवर त्यानं तेलकट शाईनं लिहून बघितलं आणि १७९८ च्या सुमाराला त्यातून शिळाछाप उभी राहिली. तत्त्व एवढंच की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं काढायचं, त्यावर डिंकाचं पाणी आणि थोडं नत्राम्ल फिरवायचं. मग दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते आणि शाई झिडकारते, काढलेली जागा शाई उचलते. ना कोरायचं, ना खिळे जुळवायचे. हातानं जे लिहाल ते छापून निघतं.

या शेवटच्या वाक्याचं मोल आपल्या लिप्यांना युरोपपेक्षा जास्त कळलं. देवनागरीची जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार यांचे खिळे पाडणं म्हणजे शेकडो तुकड्यांचं काम. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पोथ्याही शिळाप्रेसवर निघत, आणि त्या हातानं लिहिल्यासारख्या दिसत म्हणून भाविकांना त्यांचा विटाळ वाटत नसे. पुढं जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं देवनागरी खिळे इतके देखणे पाडले की मराठी पुस्तक खिळ्यांवर स्थिरावलं. उर्दूचं तसं झालं नाही. नस्तालीक वळणातला शब्द तिरका उतरत येतो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं. त्याचे खिळे कुणालाच धड जमले नाहीत. १८८४ पासून निजाम सरकारचा कारभार फारसीऐवजी उर्दूत आला आणि सरकारी राजपत्र ‘जरीदा’पासून शाळेच्या पुस्तकापर्यंत दगडाचं काम वाढलं. पुण्यात शिळाछाप मागं पडत चालली तेव्हा हैदराबादेत ती भर जोमात होती. मराठवाडा या दोन्हींच्या मधला मुलूख. इथं दोन्ही छाप एकाच घरात, एकाच पेटीत सापडतात.

कागद घ्यायला मी हैदराबादला जायचो तेव्हा छत्ता बाजारात एका म्हाताऱ्या कातिबाशी ओळख झाली. त्यांनी तरुणपणी दगडासाठी लिहिलं होतं. दगडावर थेट लिहायचं तर उलटं लिहावं लागतं. म्हणून कातिब खळ लावलेल्या खास कागदावर सरळ लिहायचा, तो कागद दगडावर पालथा दाबायचा आणि अक्षर दगडावर उतरायचं. लेखणी वेताची, टोक तिरपं. चूक झाली तर दगडावर सुरीनं खरवडायची, पण जास्त खरवडलं तर तिथला दगड शाई धरेना. “बेटा, पत्थर भूलता नहीं,” असं ते म्हणाले होते. जुना लेख पुसायला दगडावर वाळू आणि पाणी घालून दुसरा दगड तासन्‌तास गोल फिरवावा लागे. नीट घासला नाही तर मागच्या जाहिरातीची सावली पुढच्या जाहिरातीत यायची. माझ्याकडच्या एका कागदावर मजकुराच्या खाली अशी फिकी आडवी ओळ दिसते. तो डाग आहे असं मी धरून चाललो असतो. त्या गृहस्थांमुळे ती दुसऱ्याच कुठल्यातरी खेळाची ओळ आहे हे ओळखता आलं.

शिळाछाप कशी ओळखायची हे मला बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी कागद पालथा करा आणि बोटाचं पेर हलकेच फिरवा. खिळ्यांनी छापलेला कागद मागून उठाव देतो. दगडाचा देत नाही. दगड सपाट, अक्षरही सपाट. मग भिंग घ्या, दहा पटींचं पुरतं. खिळ्याच्या अक्षराला कडेनं शाईची दाट किनार दिसते आणि पोट जरा फिकं, कारण दाबानं शाई कडेला सरकते. दगडाच्या अक्षरात शाई सगळीकडे सारखी आणि कड किंचित रवाळ. चित्र असेल तर ठिपके बघा. ठिपके शिस्तीत, सरळ रांगांत, ठरलेल्या अंतरावर असतील तर तो जाळीचा ब्लॉक किंवा ऑफसेट, म्हणजे पुढचा काळ किंवा आजची नक्कल. रंगीत शिळाछापात ठिपके माणसानं हातानं टिंबटिंब करून दिलेले असतात. गर्दी कुठं जास्त, कुठं विरळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणून कुठंतरी लाल रंग ओठाच्या बाहेर केसभर सरकलेला दिसतो. असा सरकलेला रंग मला फार आवडतो. तिथं त्या दिवशी दगडापाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात दिसतो.

चित्राचा धागा इथूनच सुरू होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू झाली. नाना फडणीस, रामपंचायतन अशी चित्रं तिथं दगडावर छापली जाऊन घरोघर गेली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना घातला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे. तिथून निघालेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. पुढं तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. देव्हाऱ्यात, दिवाणखान्यात, पानाच्या ठेल्यावर ही चित्रं लागली. त्यांतल्या नायिकांच्या अंगावर नऊवारी आहे, मागं महालाचे खांब आहेत, एका बाजूला जाड पडदा गोळा करून बांधलेला आहे, आणि सगळी पात्रं बघणाऱ्याकडे तोंड करून अशी उभी आहेत की पुढच्या रांगेला चेहरा दिसावा. हा रंगमंच आहे. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ गावोगाव होत असताना निघालेली ही चित्रं बघताना लोकांना भाऊराव कोल्हटकर आठवत नसतील असं मला वाटत नाही. स्त्रीभूमिकेतला पुरुष, त्याचा शालू, त्याची मान वळवण्याची ढब, हे सगळं त्या काळच्या डोळ्यांत मुरलेलं होतं.

मग हीच चित्रकला जाहिरातीवर का आली नाही? छापखानेवाला म्हणून मला पहिलं कारण पैशांचं दिसतं. आठ-दहा रंगांच्या चित्राला आठ-दहा दगड, आणि तेवढे दगड तयार करायचा खर्च हजारो प्रती विकल्या तरच निघतो. देवाचं चित्र वर्षानुवर्षं विकलं जातं. नाटक मंडळीचा मुक्काम आठवडे दोन आठवडे, रोज वेगळा खेळ, हँडबिल पाचशे-हजार. त्याला जवळच्या छापखान्यातले खिळे बरे. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. सुभद्रा कशी दिसते हे इथल्या माणसाला भिंतीवरून सांगायची गरज नव्हती. कथा ठाऊक, चित्र घरात टांगलेलं. त्याला कळायला हवं होतं ते एवढंच की आज रात्री सुभद्रेचं काम कोण करणार आणि बसायला किती पडणार. आपलं हँडबिल तेवढंच सांगायचं आणि नेमकं सांगायचं. लंडनच्या प्रेक्षकाला दर महिन्याला नवी, न ऐकलेली गोष्ट विकायची होती. तिथं चित्राशिवाय भागत नव्हतं.

हँडबिलांवर वार असतो, तारीख असते, साल मात्र पुष्कळदा नसतं. त्या रात्रीच्या माणसाला साल कशाला लागतं? हे साल काढणं माझ्या आवडीचं काम आहे. एखादी तारीख त्याच वारावर सहसा पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते, म्हणून वार-तारखेवरून चार-पाच सालं हाती लागतात. जाहिरातीत तिथी दिली असेल तर काम सोपं होतं. तिथी आणि इंग्रजी तारीख यांची जोडी एकोणीस वर्षांनी जुळते. वार, तारीख आणि तिथी तिन्ही असतील तर साल बहुधा एकच उरतं. मग नट बघायचे. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं नाव असलेला कागद त्यापुढचा नाही. ‘शारदा’ रंगमंचावर आली १८९९ मध्ये, म्हणून ते नाव असलेला कागद त्याआधीचा नाही.

लातुरात हे कागद जिथं सापडले ती जागा म्हणजे आडत दुकानांच्या खतावण्या. डाळ, तूर, करडई, सरकीचा हा बाजार. प्रत्येक आडतीत लाल खारव्यात बांधलेल्या चोपड्यांच्या उतरंडी. या चोपड्यांचा पुठ्ठा विकतचा नसायचा. बांधणारा रद्दीचे सहा-सात ताव खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठा करायचा, आणि रद्दीत असायचे जुने हिशेब, जरीदाचे ताव, शाळेच्या पुस्तकांची वाया गेलेली पानं आणि हँडबिलं. दुकानं वारसांत वाटली गेली, जागा पाडून गाळे झाले, तशा त्या खतावण्या रद्दीवाल्याकडे येऊ लागल्या. मी त्या पुठ्ठ्यांसाठी घ्यायचो. आतला मोडीतला हिशेब मला वाचता येत नाही; तो वाचणारे जाणकार आहेत, त्यांना मी चोपड्या तशाच देतो.

अशाच एका पुठ्ठ्यातून निघालेला ताव माझ्याकडे आहे. साधारण फूटभर रुंद, वरचा डावा कोपरा गेलेला. पूर्ण शिळाछाप, एका काळ्या रंगात. मधोमध गोंडे लावलेला पडदा आणि महिरप काढलेली. उजव्या अर्ध्या भागात उर्दू, डाव्या अर्ध्या भागात बाळबोध. साल निजाम सरकारच्या फसली सनात आहे: १३०८, महिना बहमन, म्हणजे १८९८ चं वर्ष संपता संपता. दर निजामाच्या हाली रुपयांत. मंडळीचं नाव फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलंय, तळाला ‘मतबा’, म्हणजे छापखाना, एवढं शिल्लक आहे आणि पुढचं नाव बांधणाऱ्याच्या कातरीनं नेलंय. उर्दू अक्षर कसलेल्या कातिबाचं आहे. बाळबोध दुसऱ्या हाताचं, बोरूचं. ओळी किंचित वर चढलेल्या, जणू लिहिणाऱ्याला शेजारच्या तिरक्या वळणाची ओढ लागली होती. दोन माणसांनी एकाच कागदावर लिहिलं आणि एकाच दगडावर उतरवलं. खिळ्यांच्या छापखान्यात हा ताव होणं जवळजवळ अशक्य होतं.

या तावाचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला आहे, उर्दू भाग जाणत्याकडून वाचून घेतला आहे. दोन्ही बाजूंना एकच मजकूर नाही. मराठी बाजूला आख्यान कुठलं ते दिलंय, राक्षसपार्टी जोरदार असल्याचं सांगितलंय, पदांचा उल्लेख आहे. उर्दू बाजूला आख्यानाचं नाव नुसतं ‘हिंदू राजांचा किस्सा’ एवढं केलंय. तिथं भर आहे तो रोषणाईवर, नव्या पडद्यांवर आणि जनान्यासाठी वेगळ्या पडदेदार जागेवर. मंडळीच्या मालकाला आपल्या प्रेक्षकांची पुरती ओळख होती. १८७२ मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून मुंबईची पारशी व्हिक्टोरिया मंडळी हैदराबादला गेली होती. झगमगाटाची, जादूच्या देखाव्यांची चटक दक्षिणेतल्या शहरी प्रेक्षकाला तेव्हापासून लागली होती. पुण्याच्या मंडळीला मोगलाईत यायचं तर ती भूक ध्यानात घ्यावी लागे.

आणि यायचं कसं? बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली होती. तिचं छोटं, अडीच फुटी रुळांचं वाफेचं इंजिन लातूरला पोचायला १९११ उजाडलं. सुरुवातीच्या वर्षांत बार्शीला उतरून पडदे, पेट्या, मुकुट, पेटी-तबला बैलगाड्यांवर लादायचं, हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याला सामान उघडून दाखवायचं आणि धुळीच्या वाटेनं मुक्काम करत पुढं सरकायचं. १८९७ ते १९०० ही प्लेगाची आणि दुष्काळाचीही वर्षं. पुण्या-मुंबईत प्लेगानं माणसं घरं सोडून माळावर राहत होती. अशा काळात चाळीस-पन्नास माणसांचं बिऱ्हाड पोसायचं म्हणून एखादी मंडळी मोगलाईत शिरली असेल, तर त्या तावाकडे मी नुसतं करमणुकीचं साधन म्हणून बघू शकत नाही.

पुठ्ठे सोडवायला पाणी लागतं, आणि आमच्या गावात पाणी हा साधा विषय नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. त्या वर्षी मी एकही पुठ्ठा भिजवला नाही. माणसं घागरीसाठी रांगेत असताना कागदासाठी परात भरणं मनाला पटलं नसतं. सांगली-मिरजेकडून कुर्डुवाडी, बार्शीवरून इकडं येणारी ती वाट मात्र मला ओळखीची वाटली. मराठी नाटक जिथं जन्मलं तो मुलूख आणि आमचा बाजार जोडणारी तीच वाट.

जे गेलं त्याची मोजदाद नाही. १९४८ च्या आधीच्या रझाकारी धामधुमीत वाडे जळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती बसल्या तेव्हा माणसांचं दुःख एवढं अफाट होतं की पेट्यांत काय होतं हे विचारायची ती वेळच नव्हती. उरलेलं वाळवीनं आणि कसरीनं खाल्लं.

शिळाछापाचा आणि खिळ्याच्या हँडबिलाचा काळ फोटोच्या ब्लॉकनं संपवला. बालगंधर्वांच्या जमान्यात नटाचा खरा चेहरा जाळीच्या ठिपक्यांतून जाहिरातीवर आला आणि लोकांना तोच हवासा झाला. हातानं काढलेलं चित्र नाटकाच्या जाहिरातीवर यायचं राहून गेलं, ते सिनेमानं आणलं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. बाबूरावांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज आपल्याकडचं शिल्लक राहिलेलं सर्वात जुनं चित्रमय सिनेपोस्टर मानतात. पडदा रंगवणारा हातच अखेर पोस्टरवर आला.

आता बाजाराविषयी थोडं. मुंबईच्या चोर बाजारात रविवर्मा छापखान्याच्या नावावर नव्या ऑफसेट नकला चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या करून विकल्या जातात. भिंग खिशात ठेवा. पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू, तसंच ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावशेषात मोडतो आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून चांगला भाव सांगणारे निरोप येतात, त्यांना माझं उत्तर एकच असतं. भाव नाकारण्याचं मला दुःख नाही. पण चित्र तेवढं ठेवून कडेचा मजकूर कापून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दर, वार, गाव आणि छापखाना कापून टाकला की उरते ती नुसती शोभा.

घरात किंवा दुकानात जुनी खतावणी, पत्र्याची पेटी, तसबिरीची मागची फळी असेल आणि आत छापील कागद चिकटलेला दिसला, तर तो ओढू नका. सुका कागद ओढला की थराथरानं सुटतो आणि अक्षर दोन तुकड्यांत वाटलं जातं. पुठ्ठा खारव्यापासून वेगळा करा, पसरट परातीत कोमट साध्या पाण्यात ठेवा, साबण-सोडा काही नको. आधी एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून शाई किंवा कागदाचा रंग उतरतो का बघा. दगडाची काळी शाई तेलकट असल्यानं सहसा उतरत नाही, पण गुलाबी-हिरव्या कागदाचा रंग झरझर जातो, तसा कागद भिजवूच नका. खळ सुटायला तास-दोन तास लागतात. ताव आपोआप सरकू लागला की खाली जाळीचं कापड घालून उचला, टीपकागदांत ठेवा, वर सपाट वजन द्या, उन्हात घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. आणि ताव वाळला की मागच्या बाजूला एका कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा: खतावणी कुठल्या दुकानाची, हिशेब कुठल्या सालाचा, ताव वरच्या पुठ्ठ्यातून निघाला की खालच्या, आणि त्याच पुठ्ठ्यात आणखी कोणकोणते कागद होते.